खांदा मोकळा झाला तेव्हा

बैलगाडा शर्यतींवरची बंदी उठली आणि माझ्या थोरल्या भावाने, दादाने, हौसेने खोंडांची जोडी घेतली. चाकणजवळच्या आमच्या गावात तोवर निम्म्या शेतांवर कंपन्यांच्या भिंती उभ्या होत्या. मीही त्यातल्याच एका कंपनीत असेंब्ली लाइनवर होतो. जोडीचं खाणंपिणं, फिरवणं दादाकडे. शर्यतीच्या घाटात, म्हणजे गाडे पळवायच्या धावपट्टीवर, तिला जुंपायचं काम माझं. उसळणारं जनावर जुवाखाली धरून ठेवायला खांद्यात जोर लागतो. तो माझ्यात होता.

लाइनवर गाडी डोक्यावरून सरकत यायची आणि मी हात उंच करून खालून बोल्ट आवळायचो. ओव्हरटाइमही सोडत नव्हतो. आधी मान आखडली, मग उजवा खांदा धरला. पुढे शर्ट घालायलाही बायकोची मदत लागू लागली. एक्स-रेत हाडाचं काही निघालं नाही. गोळ्यांनी तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. यात्रांचा हंगाम तसाच गेला. दादाने जुंपायला दुसरा माणूस पाहिला, पण बैल त्याला जवळ येऊ देईनात.

"ह्या खांद्याचं आता काही खरं नाही, दादा. जोडी देऊन टाक," शेवटी मीच म्हणालो.

जुन्नरकडची माणसं टेम्पो घेऊन आली. बैल चढवले, तरी दादा घराबाहेर आला नाही.

त्यानंतर थेरगावात राहणाऱ्या मेहुणीने डांगे चौकाजवळच्या एका डॉक्टरबाईंचं सांगितलं. त्या अॅक्युपंक्चर करायच्या. मला ते थोतांड वाटायचं; बायकोच्या हट्टापायी गेलो. बाईंनी खांद्यामागे अंगठ्याने चाचपलं आणि एका जागी दाबलं, तसा मी कळवळलो.

"इथला स्नायू ताणून ताणून आखडलाय," त्या म्हणाल्या.

सुई केसासारखी बारीक. टोचलेली कळलीही नाही. मग आत काहीतरी फडफडलं आणि कोपरापर्यंत ठणक गेली.

"दुखलं?"

"आतून ओढल्यासारखं झालं."

"होऊ द्या. याने ताण सैल होईल. पण व्यायाम केला नाहीत आणि काम तसंच करत राहिलात, तर पुन्हा आखडेल."

मी जात राहिलो, व्यायाम केला, कंपनीत जागा बदलून मागितली. एका सकाळी टॉवेल वाळत घालताना हात सहज दोरीपर्यंत गेला. बायको आनंदाने ओरडलीच. माझी नजर मात्र समोरच्या रिकाम्या गोठ्यावर गेली.

दादाला सांगितलं. "व्हय? कर बघू वर," म्हणून त्याने हात वर करायला लावला. बघत राहिला. "आपण अजून एक हंगाम थांबलो असतो तर..." तो म्हणाला.

"दुसरी जोडी आणू की."

"न्हाई. आता माझे गुडघे साथ देत न्हाईत त्यांच्यामागं फिरायला."

जुन्नरकडे बैल बघायला मी एकटाच गेलो. नव्या मालकाने चहा दिला, गोठ्यात नेलं. जोडी चांगली पोसली होती. त्याच आठवड्यात यात्रेत पहिली आली होती म्हणे. मी डाव्या बैलाच्या मानेवर हात ठेवला. त्याने तो हुंगला आणि पुन्हा वैरणीत तोंड घातलं.

घरी आलो तर दादा ओट्यावरच बसलेला.

"वळखलं का रं तुला?"

"ओळखलं," मी म्हणालो.