कार्बुरेटर काढला त्या वर्षी

राजूरच्या घाटात आमचा ट्रक दर उन्हाळ्यात बंद पडायचा. मोताळ्याकडून बुलढाण्याला चढताना अर्ध्या घाटात इंजिन आचके द्यायचं आणि गप्प व्हायचं. मग माझा नवरा खाली उतरायचा, बॉनेट उघडायचा, गोणपाट ओलं करून इंजिनालगतच्या, पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर टाकायचा आणि रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून राहायचा. येणारे-जाणारे गाडीवाले ओरडायचे, "काय भाऊ, थकला का म्हतारा?" इंजिनाच्या धगीनं आतलं पेट्रोलच उकळायचं. त्याची वाफ झाली की कार्बुरेटरला ओढायला काही उरायचं नाही. सगळं थंड होईपर्यंत वाट पाहण्याखेरीज इलाज नव्हता.

ट्रक माझ्या सासऱ्यांचा. लष्कराच्या लिलावातून आणलेला, सहा सिलिंडरचा, पेट्रोलवर चालणारा, फुगीर नाकाचा. आमच्या धामणगाव बढ्याहून कापसाच्या गाठोड्यांपासून लग्नाच्या मांडवापर्यंत त्यांनी त्यातून सगळं वाहिलं. ते गेले आणि वाटणी झाली, तेव्हा मोठ्या भासऱ्यांनी घर आणि विहिरीचं वावर घेतलं. माझ्या नवऱ्याच्या वाट्याला रस्त्यालगतची जागा आली, जिथं त्याचं गॅरेज होतं, आणि तिथंच उभा असलेला हा ट्रक.

भासरे येता-जाता म्हणायचे, "भंगारात घाल बे ते धूड. जागा तरी मोकळी होईन."

नवरा मान खाली घालून पाना फिरवत राहायचा. मोठ्या भावासमोर त्याच्या तोंडातून शब्द निघत नसे. ते निघून गेले की मग मला सांगायचा, की बाबानं मले ह्याच ट्रकावर गाडी शिकवली.

एका दुपारी तो जेवताना म्हणाला, "कार्बुरेटर काढून टाकतो. इंजेक्शन बसवतो."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"आताच्या गाड्याइले रायते तसं. टाकीत बिजलीचा पंप, पेट्रोल जोरानं येते, फिरून टाकीत जाते. उकळाले टाइमच भेटत नाही त्याले. किती पेट्रोल सोडाचं ते कम्प्युटर ठरवते." मग भाकरीचा तुकडा मोडत, माझ्याकडे न पाहता, "तुले कम्प्युटर येते ना?"

मला येत होतं ते एवढंच, की मी मोताळ्याच्या एका क्लासमध्ये पोरींना टायपिंग आणि हिशेबाचे तक्ते शिकवायची. इंजिनाचं मला काही कळत नव्हतं. पण त्यानं माझ्याकडे काही मागितलं, ते लग्नानंतर पहिल्यांदाच. मी हो म्हटलं.

त्यानं कार्बुरेटर उतरवला. त्याच्या जागी एका मोडीत निघालेल्या गाडीची हवेची झडप आणि पेट्रोलचे फवारे बसवायचे होते, पण भोकं जुळत नव्हती. मलकापूरला लेथवर जाड पट्टी कापून आणली, ती घासून घासून बसवली. टाकी उतरवून धुतली, तेव्हा आतून गंजाचा लाल गाळ निघाला. पुढच्या पुलीवर दातेरी चाक लावलं, त्याच्या समोर एक सेन्सर, म्हणजे इंजिन किती वेगानं फिरतं ते कळावं. सायलेन्सरच्या नळीत दुसरा सेन्सर, जो धुरावरून सांगायचा की आत पेट्रोल जास्त जातंय की कमी. या सगळ्या वायरी एका वीतभर डब्यात जायच्या. तो डबा कुरिअरनं आला होता, आणि माझं काम त्या डब्यापासून सुरू झालं.

डब्याला लॅपटॉप जोडला की पडद्यावर चौकटींचा तक्ता उघडायचा. खाली इंजिनाचा वेग, बाजूला त्याच्यावरचा भार, आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा: एवढ्या वेगाला, एवढ्या भाराला, एवढं पेट्रोल. या जुन्या इंजिनासाठी ते आकडे कोणी कुठं लिहून ठेवलेले नव्हते. ते आपणच शोधायचे. मी मोबाईलवर व्हिडिओ पाहायची. बोलणाऱ्याचं इंग्रजी समजत नसे, तेव्हा थांबवून, मागे घेऊन, पुन्हा ऐकायची. भाजी करपायची. मला पर्वा नसायची.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा खोकलं, काळा धूर सोडला आणि थांबलं. मी आकडे कमी केले. पुन्हा. मग ते चालूच राहिलं, हळू, लंगडत, पण चालू. नवरा बॉनेटवर दोन्ही हात ठेवून उभा होता आणि हसत होता.

त्यानंतर आम्ही रोज संध्याकाळी रोहिणखेडच्या रस्त्याला जायचो. तो चालवायचा, मी शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन. खड्डा आला की तो आधी सांगायचा, "धर." मी दोन्ही हातांनी लॅपटॉप धरायची. चढ लागला की तो म्हणायचा, "उपाशी होऊन राह्यलं, वाढव जराकसं." मी वाढवायची. इंजिनाचा सूर बदललेला मला आता पायाखालून कळायला लागला होता. कधी मी त्याच्या आधीच म्हणायची, "तिसऱ्यात टाका, मले तिथलं पाहाचं आहे," आणि तो मुकाट्यानं तिसऱ्यात टाकायचा.

जाऊबाई अंगणातून हाक मारायच्या, "लहाने, आज कुठी चालली ट्रकात बसून? हवा खाले?" घरात मी लहानी, तेच माझं नाव. मी हसून हात हलवायची.

मधे एक वाईट काळ गेला. इंजिन वेगात आलं की मधेच झटके देऊन अडखळायचं. आकडे कितीही बदलले तरी तेच. नवरा चिडला. गिऱ्हाइकासमोर मला म्हणाला, "तूच काहीतरी बिघडवून ठेवलं. हे तुह्या डोक्याचं काम नाही." मी डब्यात साठवलेल्या नोंदी एकेक करून पाहिल्या. झटका यायचा त्या क्षणी डब्याला इंजिनाचा वेग एकदम भलताच दिसायचा. म्हणजे पेट्रोल चुकत नव्हतं, खबर चुकत होती. मी बॉनेटखाली डोकं घालून दातेरी चाकाच्या सेन्सरची वायर बोटानं शोधत गेले. ती प्लगच्या जाड वायरींना चिकटून, त्यांच्यासोबतच बांधलेली होती. ठिणगीची वीज तिच्यात घुसत होती. मी ती सोडवली, दुसऱ्या बाजूनं नेली, बाहेरची वीज अडवणारी जाळीची वायर लावून घेतली. झटके गेले.

तो म्हणाला, "आता बरं झालं." तेवढंच. मला तेव्हा तेवढं पुरलं.

मे महिन्यात, भर उन्हात, आम्ही सिमेंटच्या थैल्या भरून घाटात गेलो. खिडकीतून हात बाहेर काढवत नव्हता. ट्रक नेहमी बंद पडायचा ते वळण आलं. पडद्यावरचा, पेट्रोल कमी-जास्त दाखवणारा काटा जागेवरून हलला नाही. ट्रक एका दमात वर गेला. बुलढाण्यात शिरताना त्यानं हॉर्न दाबून धरला, रस्त्यावरची माणसं वळून पाहू लागली. मग उसाच्या रसवंतीवर थांबलो. त्यानं स्वतःचा अर्धा ग्लास माझ्या ग्लासात ओतला आणि म्हणाला, "तू नसती त हे झालंच नसतं."

त्या दिवसांची आठवण आली की मला आता आनंद होत नाही. राग येतो. वाईट दिवस विसरता येतात. ते दिवस खरंच चांगले होते, त्यांचं काय करायचं ते मला कळत नाही.

ट्रकाची बातमी फिरली. जुन्या गाड्या बाळगणाऱ्या हौशी लोकांचा मेळावा शेगावला भरणार होता, त्यांनी नवऱ्याला बोलावलं. ट्रक हिरव्या रंगात रंगवला. निघायच्या सकाळी मोठे भासरे पांढरेशुभ्र कपडे घालून आले आणि पुढच्या सीटवर, माझ्या जागेवर, चढून बसले. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तू मांगं बस न, वहिनीसोबत. गादी टाकली आहे." मी लॅपटॉपची पिशवी आणि जेवणाचे डबे घेऊन मागे चढले. जाऊबाईंनी पदर नाकाला लावला होता. धूळ खूप होती.

शेगावात मैदानावर गाड्या रांगेनं उभ्या होत्या. आमच्या ट्रकाभोवती गर्दी झाली, कारण किल्ली फिरवली की तो लगेच सुरू व्हायचा आणि बाकीच्या गाड्यांच्या मालकांना खाली वाकून खटपट करावी लागायची. एक तरुण माणूस माईक आणि कॅमेरा घेऊन आला. नवऱ्याला म्हणाला, "एवढ्या जुन्या गाडीला इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन! हे कोणी केलं?"

मी हातभर अंतरावर उभी होते. नवऱ्यानं आधी भावाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता तो हात करून मला बोलावेल. मी पदर सारखा केला.

"मीच केलं," तो म्हणाला. "घरच्या घरी. दादाचा आधार होता."

"आणि कम्प्युटरचं?"

"शिकलो थोडं थोडं."

भासरे पुढे सरकले. "आमच्या बापाची निशानी हाये ही. भंगारात जाऊ देल्ली नाही आम्ही."

मग त्या तरुणानं माईक माझ्याकडे केला. "ताई, तुम्हाला कसं वाटतंय? अभिमान वाटतो ना?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हटलं, "हाव. वाटते."

घरी आल्यावर मी त्याला विचारलं. तो हातपाय धूत होता.

"काऊन असं म्हनलं तुम्ही?"

"काय म्हनलं?"

"तुम्हाले माहीत आहे."

तो पाणी ओतत राहिला. "दादा समोर होता. बायकोनं करून देलं म्हनलो असतो त जन्मभर हासला असता. गॅरेजवर कोन गाडी आनीन मंग? तुले नाही समजत हे."

"आन मले काय वाटलं असन?"

"तुले काय वाटाचं त्याच्यात? आपलं एकच तं आहे."

तो व्हिडिओ पुढे गावभर फिरला. माझं "हाव, वाटते" त्यात नव्हतं, कापून टाकलं होतं. कडेला माझ्या साडीचा काठ आणि हातातला जेवणाचा डबा दिसतो. नवरा तो व्हिडिओ गॅरेजवर येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायचा. मी चहा घेऊन गेले तरी थांबवायचा नाही.

मी लॅपटॉप पुन्हा ट्रकाला जोडला नाही. थंडी पडली तेव्हा सकाळी इंजिन सुरू व्हायला त्रास द्यायला लागलं. थंड इंजिनाला सुरुवातीला जास्त पेट्रोल लागतं, आणि आम्ही सगळे आकडे उन्हाळ्यात बसवलेले. थोड्या वेळाचं काम होतं. तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. "जरा पाहून दे न व."

"तुम्ही शिकले ना थोडं थोडं," मी म्हटलं.

तो गॅरेजकडे वळला. मग त्यानं अकोल्याहून एक माणूस बोलावला. मी खिडकीतून पाहत होते. मनात म्हणत होते, नाही जमणार ह्याला, हे इंजिन मला माहीत आहे, येतील मग माझ्याकडे. त्या माणसानं स्वतःचा लॅपटॉप जोडला, माझ्या तक्त्यावर स्वतःचा तक्ता चढवला, आणि पुढच्या सकाळी ट्रक पहिल्याच किल्लीला सुरू झाला. आवाज चांगला होता. मला मान्य करावं लागलं की आवाज चांगला होता.

त्यानंतर पुतण्याचं लग्न निघालं. भासऱ्यांनी ट्रक आपल्या अंगणात नेला, झेंडूच्या माळा लावल्या, नवरदेवाची वरात त्यातूनच काढली. माझा नवरा स्टिअरिंगवर होता, डोक्याला फेटा, चेहरा इतका खूश की मी तसा घाटातल्या त्या दिवसानंतर पाहिला नव्हता. भावानं सगळ्या पाहुण्यांदेखत त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. त्याला आयुष्यभर तोच हात हवा होता, हे मला तेव्हा कळलं. कळून माझं काही हलकं झालं नाही. ट्रक तेव्हापासून तिकडेच उभा असतो.

मागच्या महिन्यात खामगावचे एक गृहस्थ घरी आले. त्यांच्या जुन्या जीपला असंच इंजेक्शन बसवायचं होतं. मी पाणी नेऊन दिलं. भला माणूस होता. ग्लास घेत मला म्हणाला, "वहिनी, साहेबाइनं हे कम्प्युटरचं कुठी शिकलं हो? कमाल आहे बुवा."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो नखातलं ग्रीस काढत होता.

मी म्हटलं, "त्याइनं नाही शिकलं. ते मी केलं होतं. सारे आकडे माहे होते."

गृहस्थ मोठ्यानं हसले. त्यांना वाटलं, मी मस्करी करतेय. "वा वहिनी! घरोघरी असंच. सारं तुम्हीच करता, आमचं नुसतं नाव!"

आणि माझा नवरा हसला. लाजला नाही, नजर चुकवली नाही. त्या गृहस्थाच्या मांडीवर थाप मारून त्याच्यासोबत हसला.

मी रिकामा ग्लास उचलून आत आले. बाहेर ते जीपविषयी बोलत होते, अकोल्याच्या माणसाला कधी बोलवायचं ते ठरवत होते. मी चुलीवर पातेलं ठेवलं, कारण आता ते चहा मागणार होते.