एकही मॅच न जिंकलेले कोच

कोचबद्दल मी लिहावं, हे जरा जास्तच होतंय, आधीच माफ करा. आमच्या घरातून युनिव्हर्सिटीत गेलेला मी पहिलाच. कुठे काय बोलावं, हे मला अजून नीट कळत नाही. पण कोचचा आवाज ज्याने ऐकलाय, त्याला ते विसरणं शक्य नाही. ऑकलंडमधल्या आमच्या पापाटोएटो भागातल्या मैदानावर त्यांनी हाक मारली की समोरच्या डेअरीतले, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातले, काका बाहेर येऊन बघायचे.

कोच मूळचे अमेरिकेतले, तिकडच्या फुटबॉलचे खेळाडू. गुडघा गेला, खेळ सुटला आणि इथल्या मुलीशी लग्न करून ते न्यूझीलंडला, ऑकलंडला आले. स्वप्न एकच: तिकडच्या एखाद्या कॉलेजच्या टीमचा कोच व्हायचं. तोवर हाताशी आम्ही होतो, इथल्या हौशी अमेरिकन फुटबॉल टीमची पोरं.

आमचं सगळं बालपण रग्बीत गेलेलं. रग्बीत रेषेपलीकडे गेल्यावर खांबांच्या मध्ये जाऊन बॉल टेकवला, तर त्यानंतरची जादा पॉइंटची किक सोपी जाते. अमेरिकन फुटबॉलमध्ये रेषा ओलांडली की काम झालं. पण आमचा सिओने रेषा ओलांडूनही खांबांकडे धावत सुटायचा.

"अरे, पॉइंट मिळाले! आता कुठे निघालास, फिरायला?" कोच ओरडायचे.

"सॉरी कोच, पाय आपोआप वळतात."

"मग उद्यापासून पायांनाही ट्रेनिंगला आणत जा!"

आम्ही प्रत्येक मॅच हरायचो आणि कोच प्रत्येक वेळी म्हणायचे, "आज आपण कमी वाईट खेळलो." मग आमच्याकडे येऊन थालीपीठं खायचे. आई तव्यावरून नजर न काढता विचारायची, "एवढं हरून याला भूक लागते तरी कशी रे?"

"काय म्हणतेय आई?" कोच विचारायचे.

"आणखी एक घ्या म्हणतेय."

"थँक्यू, मॅम!" म्हणत ते दोन घ्यायचे.

या हिवाळ्यात त्यांना तिकडच्या एका छोट्या कॉलेजने मुलाखतीला बोलावलं. कॉलेजला कोचच्या एखाद्या खेळाडूशीही बोलायचं होतं. कोचनी माझं नाव दिलं. मी म्हटलं, "सिओने चांगला बोलतो, कोच."

"सिओने जोक मारेल. तू खरं सांगशील."

फोन आला. पलीकडच्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "त्यांच्या हाताखाली तुम्ही किती मॅचेस जिंकलात?"

"एकही नाही."

"मग आम्ही त्यांना का घ्यावं?"

मी मग जे सुचलं ते बोलून टाकलं, "दर वर्षी हरतो, तरी पुढच्या वर्षी आम्ही सगळे परत येतो. एकानेही टीम सोडलेली नाही."

फोन ठेवल्यावर वाटलं, संपलं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "निदान एक तरी जिंकलो म्हणायचं होतंस की रे!" कोच मुलाखतीसाठी अमेरिकेला गेले. नंतर कितीतरी दिवस काहीच कळलं नाही. सिओने रोज विचारायचा, "काही मेसेज?" मी नाही म्हणायचो.

अखेर काल क्लासमध्ये असतानाच कोचचा मेसेज आला: "नोकरी मिळाली. ही टीमही गेल्या वर्षी एकही मॅच जिंकलेली नाही. मला अगदी घरच्यासारखं वाटतंय."