टेबलाचा पाय, अकरा मिनिटं

माझे काका शिंपी. गल्लीला ते मास्तर, काकूला ‘अहो’, आणि स्वतःच्या मते कारागीर. शर्ट शिवून झाला की तो उलटा करून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. “आधी आतून बघा,” म्हणायचे, “बाहेरून काय, कुणीही शिवतं.” आत एक दोरा लोंबताना दिसला तर शर्ट फुकट, अशी त्यांची पैज होती आणि सव्वीस वर्षांत ती कुणी जिंकली नाही. काकू म्हणायची, “कोण जिंकणार? लोक शर्ट न्यायला येतात, उवा शोधायला नाही.”

अशा माणसाच्या घरात डीव्हीडी रेकॉर्डर आला, आणि घात झाला.

कारण तसं साधं होतं. काकांकडे आठ व्हिडिओ कॅसेटी होत्या. कॅमेरा मेहुण्याचा, पण धरणारे कायम काकाच. मुलीचे वाढदिवस, बहिणीचं लग्न, एकदा समुद्रावर गेलो होतो ते, असं सगळं. कॅसेटींना बुरशी धरायला लागली, मुलगी लग्न करून दुसऱ्या शहरात गेली होती, तिलाही एक प्रत हवी होती. म्हणून हा रेकॉर्डर. त्याच्या पोटात हार्ड डिस्क होती. कॅसेट आधी तिच्यावर उतरवायची, नको ते काढायचं, उरलेलं डीव्हीडीवर घ्यायचं.

‘नको ते काढायचं’ इथे काकांचे डोळे चमकले. रिमोटवरचं एक बटण दाबून सुरुवात ठरवायची, दुसरं दाबून शेवट, तिसरं दाबलं की मधला तुकडा गायब. “अरे, हे तर आपलंच काम,” मला म्हणाले. पुढचे तीन आठवडे दुकान अकराच्या आत उघडलं नाही. एका बाईंचा ब्लाउज तेव्हा असा रखडला की त्या अजून मला रस्त्यात अडवून विचारतात.

आता काढण्यासारखं होतं काय? तर मुख्यतः काकू. कॅमेरा दिसला की तिचा तळहात वर यायचा आणि तोंड सुरू व्हायचं. “अहो, ठेवा ते, दूध उतू जाईल.” “माझं काय काढताय, भिंतीचा पोपडा काढा, तोही बरा दिसेल.” ती हात मारायची, कॅमेरा हलायचा, चित्र छतावर जायचं. काकांच्या हिशेबी ही सगळी कातरणं. एकदा तर कॅमेरा बंद करायचा विसरून त्यांनी स्टुलावर ठेवला होता. अकरा मिनिटं नुसता टेबलाचा पाय, आणि मागे काकू आणि आत्या कुणाच्या तरी नवऱ्याची टिंगल करत खदखदून हसतायत. तेही गेलं. आठ कॅसेटींच्या तीन डीव्हीडी झाल्या. कुठे धक्का नाही, कुठे छत नाही. सगळे ओळीत बसलेले, केस विंचरलेले, कॅमेऱ्याकडे बघणारे.

पहिला खेळ घरीच झाला. काकूने शेवटपर्यंत बघितलं.

“छान,” म्हणाली. “घरात बोलू देत नाही, आता टीव्हीतही नाही.”

“अगं, तू बोलतेस ते बघण्यासारखं असतं का?”

“बघू नका. ऐका.”

आम्ही सगळे हसलो. मी जरा जास्तच हसलो. कॅसेटी आणि जुना व्हीसीआर पुढच्या आठवड्यात भंगारवाल्याकडे गेले. फडताळ अडलं म्हणून काकूनेच त्याला हाक मारली होती.

तीन वर्षांनी काकू आजारी पडली. संध्याकाळच्या मालिकेच्या वेळेला नेमका औषधाने तिचा डोळा लागायचा, म्हणून काका रोजचा भाग रेकॉर्ड करून ठेवायचे आणि सकाळी तिला दाखवायचे. एक भाग चुकवला नाही. मालिका संपायच्या आधी काकू गेली.

त्यानंतरच्या सुट्टीत मुलगी आली, तिच्या चार वर्षांच्या पोरीला घेऊन. पोरीने जेवता जेवता विचारलं, “आजोबा, आजी कशी बोलायची?”

काका ताटावरून उठलेच. “थांब, दाखवतो.”

भर दुपारी पडदे ओढून तिन्ही डीव्हीडी झाल्या. काकू बसली होती, हसत होती, केक कापताना मुलीचा हात धरत होती. तोंड उघडायला लागली की दुसरंच काही सुरू व्हायचं. तिसरी संपल्यावर पोर म्हणाली, “आजीला बोलता यायचं नाही?”

“बाबा,” मुलगी म्हणाली, “ते टेबलाच्या पायाचं कुठाय? आई आणि आत्या बोलतायत ते?”

“ते मी काढलं.”

“का?”

“त्यात काही दिसत नव्हतं.”

मुलगी उठली आणि पडदे उघडायला लागली. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं काका मला नंतर म्हणाले.

आम्ही रेकॉर्डर सुटाच्या अस्तरात गुंडाळून दुरुस्तीवाल्याकडे नेला. तो म्हणाला, खोडलेलं कधी कधी परत मिळतं, पण त्याच जागेवर नंतर दुसरं काही रेकॉर्ड झालं नसेल तरच.

“नंतर काही केलंत का यावर?”

“मालिका,” काका म्हणाले.

“किती भाग?”

“दोनशेच्या वर असतील.”

दुरुस्तीवाल्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

“तिच्यासाठीच केले होते,” काका म्हणाले. यावर मशीन काही सवलत देईल, अशा आवाजात.

मग ते एका वेगळ्याच उद्योगाला लागले. रोज सकाळी दुकानाआधी तासभर डीव्हीडी लावायच्या, बोट रिमोटवर, आणि आपलीच चूक शोधायची. कुठे तरी कात्री उशिरा पडली असेल, एखादा शब्द राहिला असेल. महिनाभर एकही चूक सापडली नाही. इतकं स्वच्छ काम केलेला माणूस इतका कष्टी झालेला मी पाहिला नाही.

परवा त्यांचा फोन आला. “ये,” म्हणाले, एवढंच. गेलो. दुसरी डीव्हीडी लावलेली होती, आवाज पूर्ण वाढवून. मुलगी गॅलरीत नवी सायकल पुसतेय. कडेने काकू आत येते, हात वर, आणि म्हणते, “अहो, ते जरा”, की लगेच पुढचं चित्र, मेहुणा नव्या कोटात.

काकांनी मागे नेलं. “अहो, ते जरा.” परत नेलं.

“ठेवा म्हणत असेल,” मी म्हणालो.

“असेल.” त्यांनी चित्र थांबवलं. काकूचा हात आमच्याकडे आलेला होता. “कधी कधी कॅमेरा मागायचीही. जरा माझ्याकडे द्या, तुमचं काढते, म्हणायची.”

“मग?”

“मोडशील म्हणायचो,” काका म्हणाले. “एकदाही दिला नाही.”