बाबांच्या पोटाची हजामत

माझा मामा न्हावी. गल्लीतल्या एकाही गालावर आपण कधी रक्त काढलेलं नाही, हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला फेस लावता लावता, म्हणजे ते पळू शकत नसताना, ऐकवायचा.

बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. सिस्टरने बजावलं होतं, घरी केस काढू नका, लागलं तर आम्ही मशीनने काढू. मामाला ते झोंबलं. "मी जिवंत असताना माझ्या दाजींवर परक्यांनी मशीन फिरवायची?" आदल्या दिवशी त्याने वस्तऱ्यात नवं पातं घातलं आणि बाबांचं पोट असं गुळगुळीत केलं की आई म्हणाली, "दादा, लग्नातसुद्धा हे एवढे सजले नव्हते रे!" आम्ही हसून हसून बेजार.

वॉर्डात सिस्टरने सदरा वर केला आणि तिचा हात तिथेच थांबला. "ही हजामत कुणी केली?"

"मी," मामा म्हणाला. शाबासकीची वाट बघत उभा होता बिचारा!

डॉक्टर चिडले, पण कातडीवर काही दिसेना, म्हणून ऑपरेशन केलं. बाबा चालत घरी आले. मग एका सकाळी टाक्यांभोवती लाली पसरली, अंग तापलं, पट्टी भिजली. वास तर विचारूच नका. डॉक्टरांनी त्यांना पुन्हा वॉर्डात दाखल केलं आणि थोडे टाके उसवले. वाटीभर पू! माझ्या बाबांच्या पोटात!

"यानेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पण वस्तऱ्याने डोळ्यांना न दिसणारे ओरखडे उठतात. जंतूंना तेवढं पुरतं."

"रक्त नव्हतं आलं हो," मामा पुटपुटला. "एक थेंब नाही."

जखम तळापासून भरत येईपर्यंत उघडीच ठेवायची होती. सिस्टर रोज ती धुवायची, आत ओली पट्टी भरायची. मामा एकदा हट्टाने बघायला थांबला. सिस्टर आतली पट्टी ओढत होती आणि ती संपेचना. मामा धाडकन खाली!

"अरे, पोट माझं आणि चक्कर तुला?" बाबा कण्हत म्हणाले. मला हसू आलं, आणि हसल्याचा रागही आला. ताप हटत नव्हता, बाबा वाचतील का हे कुणी सांगत नव्हतं.

शेवटी ताप उतरला. तरी मामाने दुकान उघडलं नाही.

एकदा पट्टी बदलायच्या वेळी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाकडून त्याचं एक जुनं गिऱ्हाईक आलं. दुसऱ्या दिवशी त्याचं ऑपरेशन होतं. "बरे भेटलात, मामा! माझ्या पोटावरून जरा वस्तरा फिरवा की."

मामा पांढराफटक पडला. त्याने त्या माणसाचं मनगट धरलं आणि त्याला ओढतच बाबांच्या खाटेकडे आणलं. "लांब! लांब उभे राहा!" सिस्टर ओरडली. मामा "दाजी..." एवढंच म्हणाला.

बाबांनी मामाकडे पाहिलं, आणि त्या माणसापुढे आपल्या हाताने सदरा वर केला.