बाबूमास्टरचा सत्कार

इथे आपले अनुभव लिहिणारे सगळे आधी सांगतात की असल्या गोष्टींवर आमचा विश्वास नाही. माझा तर इतका नव्हता की नुसतं ऐकूनही चीड यायची. पाटबंधारे खात्यात नोकरी झाली. कुणी भुताखेताचं काढलं की मी उठून बाहेर जायचो. तरी जे झालं ते झालं... आणि मला त्याचा आनंद आहे, हेही सांगून टाकतो.

आम्ही पिशोरचे, शेतीवाले. माझा थोरला भाऊ सुधाकर, म्हणजे दादा, औरंगाबादला — तेव्हा हेच नाव — बाबूमास्टरच्या लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. बँडचा नियम सरळ असतो. वरातीत फर्माईश होईल ते सिनेमाचं गाणं जसंच्या तसं वाजवायचं. दादा पहिल्या फेरीत गाणं नीट वाजवायचा आणि दुसऱ्या फेरीत स्वतःच्या वाटेनं न्यायचा. लोक नाचायचं सोडून ऐकत उभे राहायचे आणि मास्टरचं डोकं फिरायचं, कारण वरात नाचली नाही की बँडचं नाव खराब. गुलमंडीवर एका वरातीत दादा वाजवत असतानाच मास्टरनं समोरून ट्रम्पेटवर जोरात हात मारला. दादाचा ओठ दातापर्यंत फाटला.

दादा पुन्हा वाजवू शकला नाही. मास्टरनं मात्र सगळीकडे सांगितलं, पोरगं पिऊन पडलं. दादानं आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. पण पाहणारे सगळे मास्टरचेच लोक, आणि आमच्या वडिलांनीही मास्टरचंच खरं मानलं. दादाला घरात घेतलं नाही. तो चितेगावला एका कारखान्याच्या गेटवर राखण करता करता गेला. गावात तो मेल्यावरही दारुडाच राहिला.

रिटायर झाल्यावर मी ट्रम्पेट घेतलं. बायको म्हणाली, "या वयात माणसं पेटी शिकतात हो." छावणीत सॅम्युअल सर जॅझ शिकवतात, तिकडे जायला लागलो. पहिल्याच दिवशी सर म्हणाले, धून एकदा सरळ वाजवा, मग तिचाच धागा धरून तिथल्या तिथं आपलं काहीतरी रचत जा. ज्या गोष्टीसाठी माझ्या भावाचं तोंड फोडलं, तीच इथं कौतुकानं शिकवत होते.

मला काही फार जमायचं नाही. गाल दुखायचे, वरचे सूर लागायचेच नाहीत. पण मला कुठं कलाकार व्हायचं होतं? मला बाबूमास्टर समोरच्या खुर्चीत हवा होता.

म्हणून सरांच्या क्लासच्या कार्यक्रमाला मी त्याला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. शाल, श्रीफळ, 'शहराचे ज्येष्ठ बँडमास्टर' असा बॅनर. सत्काराला नाही म्हणणारा माणूस मी आपल्याकडे अजून पाहिलेला नाही. रविवारी सकाळी पांढरा सफारी घालून म्हातारा वेळेच्या आधी हजर. त्यानं मला ओळखलं नाही. शाल मीच पांघरली. मागच्या खुर्च्यांवर पिशोरचे भाऊबंद मुद्दाम आणून बसवले होते. वाजवून झालं की माईक घ्यायचा आणि दादाचा ओठ कुणी फोडला ते सगळ्यांसमोर त्याला विचारायचं, असं ठरवून आलो होतो.

आमचं वाजवणं सवाल-जवाबाचं होतं. एक पाळी माझी ट्रम्पेटवर, एक पाळी सरांची कीबोर्डवर. माझी पहिली पाळी मी कशीबशी ओढली आणि ट्रम्पेट मांडीवर घेतलं. आता सरांनी वाजवायचं... आणि ट्रम्पेट वाजायला लागलं.

माझं नाही. माझं मांडीवर होतं. सर कीबोर्डवरचे हात उचलून रागानं माझ्याकडे वळले, मी मध्येच घुसलो असं वाटून. मग त्यांचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. आवाज वर चढत गेला, माझा कधीच गेला नव्हता तिथं, आणि वर जाऊन असा वळला की मी ओळखला. ती दादाची दुसरी फेरी होती. मी लहानपणी वरातीमागून चालत ती कितीदा ऐकली होती.

बाबूमास्टरनं तोंडावर हात धरला. बोटांतून रक्त येत होतं, शालीवर सांडत होतं. त्याच्या आसपास कुणी नव्हतं.

"बस कर रे सुधाकर," तो म्हणाला. मी नाही, दादा त्याला दिसत असावा. तो माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत होता. "लई झालं. मीच हाणलं व्हतं तुला. तू पेलेला नव्हता. समद्यांदेखत सांगतो, पण बस कर."

आवाज थांबला. मागे आमचा चुलता उभा राहिला होता. त्यानं खांद्यावरच्या उपरण्यानं डोळे पुसले.

आता पाळी माझी होती. सरांनी मानेनं नको म्हटलं. मी ट्रम्पेट उचललं आणि मास्टरच्या तोंडाकडे बघत पूर्ण पाळी वाजवली.

सर म्हणतात, हॉलमध्ये आवाज घुमला असेल. माझी मुलगी डॉक्टर आहे; ती म्हणते, म्हाताऱ्यांचे ओठ थंडीत फुटतात. तेव्हा वैशाख होता. मलाही काही सांगता येत नाही. मास्टरचा ओठ लवकरच भरून आला म्हणे, आणि हे ऐकून मला खरोखर वाईट वाटलं.

मी अजून रोज वाजवतो. माझी पाळी झाली की ट्रम्पेट खाली घेऊन थांबतो. पुन्हा कधी कुणी वाजवलं नाही. दादाचं समाधान झालं असावं. माझं झालेलं नाही.