विज्ञानाच्या पेपरला इतिहासाचं पान

लिहिण्याआधी माफी मागून घेतो. आमच्या घरात लिहिणं म्हणजे सही करणं, आणि तीही आई-बाबांना मी शिकवलेली. असं असताना मी आमच्या गावाबद्दल आणि शाळेबद्दल चार लोकांसमोर काही मांडावं, हे मलाच थोडं आगाऊपणाचं वाटतं. त्यातून मी जे सांगणार आहे त्यात बढाई मारण्यासारखं काही नाही. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

आमचं गाव संग्रामपूर तालुक्यात आहे. शाळा जिल्हा परिषदेची, दहावीपर्यंतची. आजूबाजूच्या वाड्यांमधली मुलंमुली पायी येतात. पूर्वी दहावीच्या बोर्डाचं परीक्षा केंद्र याच शाळेत होतं आणि गावाला त्याचा अभिमान होता. परीक्षेच्या दिवसांत मात्र शाळेमागच्या निंबाखाली जत्रा भरायची. प्रत्येक घरातलं कुणीतरी तिथं हजर असायचं. मागची भिंत तेव्हा कमरेएवढीच होती. काका, मामा, मोठे भाऊ ती ओलांडून खिडक्यांपाशी जायचे आणि आत कागद द्यायचे. याला कॉपी असं कुणी म्हणत नसे. ‘पोट्ट्याले मदत’ म्हणत. लग्नात आहेर करतात तसंच ते होतं. जो येणार नाही त्याला आपल्या लेकराची काळजी नाही, असा अर्थ काढला जाई.

माझे बाबा बांधकामावर मजुरी करतात. त्यांना वाचता येत नाही. मी दहावीला असताना पहिल्या काही पेपरांना ते आले नाहीत. मी विहारात बसून अभ्यास करायचो आणि माझी बरी तयारी होती, त्यामुळे मला त्याचं काही वाटलं नव्हतं. पण चौकात लोकांनी त्यांना धरलं.

“काऊन हो, पोट्ट्याची परीक्षा हाय अन् तुम्ही इथीसा बिडी पिऊन राह्यले?”

“त्याचा तो लिहिते,” बाबा म्हणाले. “मले का समजते त्यातलं?”

“समजाचं का काम? पान द्याचं अन् वापस याचं. हुशार असला म्हून का झालं, बापानं भिताडापाशी उभं तं राहावं लागते!”

हे मला नंतर आईनं सांगितलं. बाबांच्या मनाला ते लागलं असणार. विज्ञानाच्या पेपरच्या दिवशी मी घरून निघाल्यावर त्यांनी माझी पुस्तकं खाली काढली. वरवट बकालच्या बाजारातून आणलेलं एक जुनं गाईड त्यात होतं. त्याची पानं ते एकेक करून बघत बसले. शेवटी एक पान त्यांनी जपून फाडलं, खिशात ठेवलं आणि शाळेकडे आले.

पेपर अर्धा झाला असेल. खिडकीच्या गजातून एक हात आत आला. सिमेंटनं चिरा पडलेला तो हात मी लगेच ओळखला. बाबांनी हळूच माझं नाव घेतलं. त्याच वेळी बाहेर कुणीतरी ओरडलं, “पथक आलं बे, पथक!” आणि निंबाखालची सगळी जत्रा उधळली. धोतरं, पँटी, चपला, सगळं भिंतीवरून पलीकडे. बाबा तेवढे खिडकीशी उभे राहिले. ते का पळाले नाहीत, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. मला वाटतं, हातातलं काम पूर्ण झालं नव्हतं म्हणून.

भरारी पथकाचे साहेब त्यांना वर्गात घेऊन आले. चपला बाबांनी दाराबाहेर काढल्या.

“कुणाचे वडील आहेत हे?”

मी उभा राहिलो. “माझे.”

साहेबांनी पान उलगडलं, वाचलं आणि आधी माझ्याकडे, मग बाबांकडे पाहिलं. “संग्रहालयातील वस्तूंचे जतन,” ते मोठ्यानं म्हणाले. “अहो, हा इतिहास आहे. आज विज्ञानाचा पेपर आहे!”

वर्ग हसला. पर्यवेक्षक म्हणून आलेल्या बाई तोंडावर पदर धरून हसल्या. बाबांना काय चुकलं ते कळलंच नव्हतं. ते म्हणाले, “साहेब, पोराचा गुन्हा नाही जी. त्यानं मांगतलं नाही. म्याच आणलं.”

“पण हेच पान का आणलं?”

“याच्यावर लय खुणा हायेत. म्हनलं, हेच लागत असन.”

तो धडा माझ्या डोक्यात काही केल्या राहत नव्हता, म्हणून मी लाल, निळ्या पेनानं त्यावर रेघोट्या मारल्या होत्या. साहेबही मग हसले. त्या पानाचा काही उपयोग नव्हता म्हणून असेल, त्यांनी मला पेपर पूर्ण करू दिला. मी लिहीत राहिलो. त्या दिवशी मला बाबांची लाज वाटली. आज लिहिताना त्या लाजेची लाज वाटते, आणि यातली कोणती मोठी हे मला नीट सांगता येत नाही.

पथकानं वर कळवलं आणि पुढच्या वर्षी आमच्या शाळेचं केंद्र गेलं. दहावीच्या मुलांना तालुक्याला जाऊन पेपर द्यावा लागू लागला. सकाळची एसटी कधी यायची, कधी नाही. मुलं कुणाच्या तरी मोटारसायकलवर जायची. मुलींचं तसं नव्हतं. आमच्या गल्लीतल्या एका मुलीनं वर्षभर अभ्यास केला आणि पेपरला गेलीच नाही. तिच्या आईनं विहिरीवर माझ्या आईला ऐकवलं, “तुह्या नवऱ्याच्या पायी झालं हे.” पळून गेलेल्यांची नावं कुणी घेतली नाहीत. जो सापडला त्याचंच नाव राहिलं.

माझी बहीण तेव्हा लहान होती. पण वर्षं सरत होती. केंद्र परत आलं नाही तर तिचीही दहावी एसटीवर अवलंबून राहणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. बाबा काम सुटल्यावर मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना भेटून यायचे. “मी काही करू शकतो का जी?” एवढंच विचारायचे. बाईंनी केंद्रासाठी अर्ज केला होता. त्यासाठी मागची भिंत उंच करणं गरजेचं होतं. गावानं श्रमदान करायचं ठरवलं. उद्घाटनाच्या फोटोला बरेच जण होते, विटा वाहायला थोडे. बाबा रोज होते.

मी तेव्हा कॉलेजच्या सुट्टीत घरी आलो होतो. मीही घमेली उचलत होतो. एक जण भिंतीकडे बघून बाबांना म्हणाला, “का बे, आता वरून कसं टाकशीन पान? का इमानात बसून?”

सगळे हसले. बाबाही हसले आणि त्यांनी पुढची वीट ठेवली. तो माणूस त्या दिवशी निंबाखाली होता, हे मला ठाऊक होतं. मी घमेलं खाली ठेवलं. बाबांनी माझ्याकडे बघून मान हलवली, बोलू नको अशी.

आता मी पुण्यात कॉलेजला आहे. इथं वसतिगृहात मोबाईलवर कुठल्या तरी शाळेच्या खिडक्यांना लटकलेल्या माणसांचा व्हिडिओ फिरतो आणि मुलं विचारतात, “तुमच्याकडे खरंच असं करतात का रे?” मी ‘हो’ म्हणतो.

बहीण यंदा दहावीला आहे. केंद्राचं काय झालं, हे मी प्रत्येक फोनवर विचारायचो. काल दुपारी तिचाच फोन आला.

“दादा, केंद्र भेटलं! आपल्याच शाळेत!”

मी इतक्या जोरात ओरडलो की मेसमधली पोरं बघायला लागली. तिचा आवाज मात्र उतरला होता.

“का झालं वं?”

“शाळेत पालकसभा झाली. बाई म्हणाल्या, यंदा एकही माणूस भिंतीकडे दिसला नाही पाहिजे. तर बाबा उभे राहिले. म्हणाले, परीक्षा होईपर्यंत मी गावातच राहत नाही. माह्यावरून पुन्हा कोणाले बोलाले जागा नको.”

“मग? बसा म्हणालं असेल ना कोणीतरी?”

“बाई म्हणाल्या, असं काही गरजेचं नाही. बाकी कोणीच काही बोललं नाही, दादा. दोघा-तिघांनी तं बरोबर हाय म्हून मान डोलावली.”

बाबा आज सकाळच्या गाडीनं अमडापूरकडे हरभरा सोंगायला गेले. तिचा शेवटचा पेपर झाला की परत येतील.