माझी वाटी

“ॲलर्जी-बिलर्जी काही नाही हो अक्का, नखरे आहेत खाण्याचे,” आत्या लॅबच्या काउंटरवरच्या बाईंना हळूच सांगत होती. तिचं हळू बोलणं शिवाजीनगरच्या बसस्टँडपर्यंत ऐकू जातं.

मी दोन खुर्च्या सोडून बसले होते. आई चित्रान्नावर, म्हणजे शेंगदाणे घातलेल्या फोडणीच्या भातावर, लिंबू पिळण्याआधी माझी वाटी बाजूला काढते. बेळगावहून आलेल्या आत्यानं रविवारी त्या वाटीतही गुपचूप लिंबू पिळलं, मला खरंच काही होतं का ते बघायला. दुसऱ्याच घासाला जीभ खाजू लागली, ओठ सुजले, घसा आवळला. आईनं रिक्षा करून दवाखान्यात नेलं. “शेंगदाण्यानं झालं असेल,” आत्या म्हणाली. शेंगदाणे मी रोज खाते. लिंबाचं तिनं दुसऱ्या दिवशी कबूल केलं, तेही हसत.

डॉक्टरांनी रक्ताची तपासणी लिहून दिली. सुई टोचणारी कानडी मुलगी म्हणाली, “स्वल्प, थोडी मूठ आवळा.” मूठ केव्हाचीच आवळलेली होती.

रिपोर्ट फोनवर आला. लिंबू, संत्रं, मोसंबी, तिन्हींपुढे निगेटिव्ह. मला चक्क रडू आलं. आपल्या रक्तात काहीतरी बिघडलेलं निघावं असं मी किती मनापासून मागितलं होतं! डॉक्टर म्हणाले, “रक्तात दिसलं नाही म्हणजे ॲलर्जी नाहीच, असं नसतं. खाल्ल्यावर काय झालं ते महत्त्वाचं. त्वचेची तपासणी करू, तोवर लिंबू बंद.” आत्यानं फक्त ‘निगेटिव्ह’ ऐकलं.

संध्याकाळी तिनं माझ्यापुढे लिंबाच्या सरबताचा ग्लास ठेवला. “घे. आता कागदावरच आलंय.” बाबा टीव्हीकडे बघत राहिले. आई माझ्याकडे.

भांडायची वेळ आली की माझ्या डोक्यात आधी इंग्रजी वाक्यं जुळतात. मोठ्यांशी इंग्रजीत बोलणं आमच्याकडे उद्धटपणा, म्हणून ती वाक्यं मी गिळते. इतकी वर्षं तेच केलं. त्या दिवशी ग्लास उचलला, आत्याच्या पुढ्यात सरकवला आणि मराठीतच म्हणाले, “रक्तात नसेल आलं, आत्या. माझ्या ओठांवर आलं होतं, आणि तुम्ही समोर बसून बघत होतात. मी हे पिणार नाही. आणि यापुढे माझ्या वाटीला मला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.”